वहीतलं जुनं माप

माझ्या हातचा ब्लाऊज अंगात गेला की पाठीवर एक सुरकुती दिसत नाही. हे मी सांगत नाही, आमच्या मंगळवार पेठेतल्या बायका सांगतात. चौदा वर्षं झाली मशीनवर बसते. कटोरी म्हणा, प्रिन्सेस कट म्हणा, मागं हूक, पुढं हूक, म्हणाल ते शिवून देते. आणि याच हातानं स्वतःसाठी शिवलेल्या ब्लाऊजपासून जे सुरू झालं, त्यानं मला बाळंतपणाच्या चौथ्या आठवड्यात दवाखान्याच्या खाटेवर नेऊन झोपवलं. उजव्या छातीत पू झाला. चिरा द्यावा लागला. माझी गार्गी त्या बाजूला परत पिईल की नाही, हे कुणी खात्रीनं सांगेना.

आता मी ठणठणीत आहे. लिहिते अशासाठी, की आमच्याकडं बायका ब्लाऊजच्या गळ्यावर अर्धा तास बोलतील, पण आत काय घालतात, ते कुठं रुततं, यावर चकार शब्द काढणार नाहीत. मला लाज तशी कमीच. टेलरला लाजून चालतही नाही.

ब्लाऊज

दुकानात माझी एक मापाची वही आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. पहिलं पान माझं, लग्नाच्या वेळचं: छाती चौतीस. आठव्या महिन्यात बारशाच्या पैठणीचा ब्लाऊज कापायला घेतला तेव्हा मी तेच पान उघडलं. बाई बाळंत झाली की दोन इंचानं वाढते, असा आपला माझा अंदाज. छत्तीस धरलं आणि कात्री चालवली. पोट तेव्हा एवढं पुढं आलं होतं की टेप अंगाभोवती धरायचा कंटाळा आला, खोटं कशाला सांगू. दुसरी कुणी बाई असं म्हणाली असती, 'वहीत आहे तेच धर गं', तर मी तिला हाकलून दिली असती.

वरून आत कप घातले आणि मागं आठ हूक लावले. हूक मागं घ्यायला सांगितलं ते आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी. "सून टेलर हाय म्हणून सगळी भावकी ब्लाऊजच बघणार. फोटोत फिटिंग दिसलं पायजे." मलाही तेच हवं होतं. सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडायचं नाही.

बाळंतपण माहेरी, पेठ वडगावला झालं. गार्गी पहिल्या दिवसापासून पोटभर प्यायची. आईनं घरात घालायला सैल गाऊन आणून ठेवले होते, पण आत मात्र दिवसरात्र घट्ट ब्रा पाहिजे, आणि तीही जुनीच, तार घातलेली. "सैल सोडलीस की लोंबंल, मग रडत बसशील," हे आईचं म्हणणं. आमच्यात बाळंतिणीचं पोट बांधतात, कान बांधतात, त्याच ओघात छातीही आवळून टाकतात. संध्याकाळी काढली की कातडीवर तारेचा लाल वळ असायचा. मी तो रोज बघायचे आणि रोज परत तीच घालायचे.

बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, पण कोल्हापूरची मंडळी रविवारी मोकळी, म्हणून एकोणिसाव्या दिवशी ठरलं. त्या दिवशी सकाळी ब्लाऊज लागेना. आत शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड उसवलं असतं तर दीड इंच मिळाला असता, दहा मिनिटांचं काम. पण टेलरनं स्वतःचा ब्लाऊज बारशाच्या दिवशी उसवायचा? मी श्वास आत घेतला, आईनं गुडघा माझ्या पाठीला टेकवून आठही हूक ओढले. बसला. एक सुरकुती नाही.

दहापासून पाचपर्यंत तो अंगावर होता. मधे गार्गी दोनदा रडली. मागचे हूक, वर पैठणी, खांद्यावर सतरा पिना. एकदा आईनं आणि मावशीनं मिळून मला खोलीत नेऊन सोडवलं, डावीकडून पाजून होतंय तोवर बाहेरून हाका आल्या, पाळण्याची वेळ झाली. उजवी बाजू तशीच राहिली. पाच वाजता ब्लाऊज काढला तेव्हा ती दगडासारखी लागत होती. मी मूर्ख, मनात म्हटलं, बघा कसं दूध आहे. फोटो मात्र झकास आले.

गाठ

दोन दिवसांनी दुपारी जेवताना थंडी वाजायला लागली. उजवीकडं लाल झालं होतं, आत लिंबाएवढी गाठ. मालिशवाली म्हणाली, "दुधाची गाठ हाय, मी फोडती." तिनं अंगठ्यानं दाबायला सुरुवात केली आणि मी एवढी ओरडले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. तरी तीन दिवस तिच्याकडून चोळून घेतलं. आईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, तिच्या मते नजर लागली होती आणि ती ब्लाऊजलाच लागली होती.

माझ्या नवऱ्यानं, सचिननं, कोल्हापुरातून दूध काढायचा पंप आणून दिला. मी विचार केला, तुंबलंय ना, मग पार कोरडं करून टाकते. तासाला तासाला मशीन लावायचे. पण जेवढं काढावं तेवढं अंगात नवीन येतं, हे मला कुठं माहीत? विहिरीचं पाणी उपसल्यासारखं झालं, उपसा थांबेना आणि भरणंही थांबेना. शेवटी ताप उतरायचं नाव घेईना तेव्हा सचिननं गाडी काढली. वडगाव ते कोल्हापूर रस्त्यावर किती गतिरोधक आहेत ते त्या दिवशी मला एकेक कळलं.

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरबाई बराच वेळ पडद्याकडं बघत होत्या. छातीत गाठ म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच शब्द आला आणि तो माझ्या तोंडून निघेना. त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं.

"ते नाहीये," त्या म्हणाल्या. "जे तुमच्या मनात आलंय ते नाही. पू झालाय. उद्या सकाळी काढून टाकू."

मी रडले. मग लगेच दुसरी भीती आली. "लेकीला पाजायचं बंद?"

"बंद कशाला? डावीकडून आत्तापासून पाजा. उजवीकडचं दूध थोडं थोडं काढत राहा, म्हणजे आटणार नाही. जखम भरली की तिला तिकडंही लावून बघा."

"घेईल का ती?"

"बहुतेक घेतात. पण मी शब्द देत नाही. काही बाळं एकदा सोडली की त्या बाजूला तोंड लावत नाहीत."

त्यानंतर माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. चिऱ्याची भीती वाटली नाही, व्रणाची नाही. ती तोंड फिरवेल, एवढीच भीती.

टेलर कोण?

ड्रेसिंगला रोज सकाळी दहा वाजता एक सिस्टर यायच्या. जाडजूड, चष्मा कपाळावर, बोलणं करवतीचं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या बरगडीवरच्या तारेच्या वळावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय. आईनं कौतुकानं फोन काढून त्यांना बारशाचे फोटो दाखवले. सिस्टरनी चष्मा डोळ्यांवर घेतला, फोटो मोठा केला, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"मागं हूक? बाळंतिणीला? आणि आत कप? कुठल्या टेलरनं शिवलाय ह्यो? तिला आदी हितं आणून झोपवा."

सचिन खिडकीपाशी उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "झोपवलीय की सिस्टर. हीच ती."

सिस्टर माझ्याकडं बघून हसत सुटल्या. आई हसली. मीही हसले, हसताना जखम दुखत होती तरी हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

हसून झाल्यावर त्यांनी मला नीट बसवून सांगितलं, आणि नंतर डॉक्टरबाईंनीही तेच सांगितलं, की एकट्या ब्लाऊजचा हा गुन्हा नाही. दूध तुंबलं, एकाच जागी दाब पडत राहिला, वर ते चोळलं, वर मशीन नको तेवढं चालवलं. गाठ दाबून फुटत नसते, आतून सुजलेली असते, तिला थंड शेक आणि आराम लागतो. आणि ताप आला की दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? कुणास ठाऊक. पण तुम्ही ऐका.

चौतीस

आता प्रश्न घालायचं काय. जखमेवर कापसाची पट्टी, तीवर दूध गळून ओलं. चिरा बाहेरच्या अंगाला होता म्हणून पंप लावता येत होता, पण पंप धरायला एक हात, बाटली सांभाळायला दुसरा, आणि मांडीवर गार्गी. सचिनला महाद्वार रोडला पाठवलं, पाजायच्या ब्रा आण म्हणून. बिचारा गेला. दुकानातल्या बाईनं साईज विचारल्यावर यानं आपली हुशारी केली, वाटेत आमच्या दुकानात जाऊन माझी वही बघून आला होता. "चौतीस," असं ठणकावून सांगितलं. चार आणल्या. एकही पुढं जुळेना.

"वहीत तर चौतीसच हाय," तो म्हणाला. "तूच लिवलंयस."

मला एवढा राग आला, आणि सांगू का, तो त्याच्यावर नव्हताच. मी सिस्टरकडून टेप मागून घेतला आणि त्या खाटेवर बसून, लग्नानंतर पहिल्यांदा, स्वतःचं माप घेतलं. पाजायच्या आधी एकोणचाळीस. पाजून झाल्यावर साडेसदतीस. मी परत घेतलं. तेच. एका पाजण्यात मी दोन वेगळ्या मापांची बाई झाले होते, आणि चौदा वर्षांत मी कुठल्याही बाळंतिणीचं माप घेताना 'आत्ता पाजलंय का' असं विचारलेलं नव्हतं.

गाठ हातात

आत्याबाई रोज डबा घेऊन यायच्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला आणि मी बोलून गेले. "तुमच्या त्या फोटोंपायी झालं हे सगळं. घ्या आता फोटो." आई मला गप्प करायला लागली. आत्याबाईंनी डबा लावला आणि गेल्या. मला वाटलं, आता वर्षभर अबोला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, स्टुलावर बसल्या आणि पदर नीट करत म्हणाल्या, "चुकलं माझं. हूक मागं घाल म्हणून मीच मागं लागले हुते." सासूच्या तोंडून असं काही ऐकायची सवय नसते. मग त्यांनीच पुढं सांगितलं. "सचिनच्या वक्ताला माझं दूध तिसऱ्या म्हयन्यात गेलं. अशीच गाठ झालती. कुणाला दावणार? सासऱ्यांच्या म्होरं तर खोलीच्या भाईर येत नव्हते. वरच्या दुधावर वाढवला त्येला. अजून वाटतं, थोडं आणि पाजाया मिळालं असतं तर." त्यांचा आवाज बदलला तसं मी त्यांचा हात धरला. महिन्याची लेक मांडीवर घेऊन बसलेली मी आणि तेहेतीस वर्षांपूर्वीचं दुःख घेऊन बसलेल्या त्या. मला त्यांच्यावर रागवायला काही उरलं नाही.

जाताना म्हणाल्या, "आमची आई गाठीची चोळी घालायची. तंगच असायची ती बी, पर गाठ पुढं, आपल्या हातात. दूध भरलं की सोडायची, पोरगं प्यालं की बांदायची. तुमचं हूक एकदा लावलं की लावलं."

मी जेवणाआधी त्यांना परत बोलावून घेतलं आणि कापड मागवलं. सचिनचे दोन जुने बनियन, एक धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी, कात्री, सुई, दोरा. खाटेवरच कापायला बसले. सिस्टरनी कात्री बघून आरडाओरडा केला, मग स्वतःच येऊन कापड धरून बसल्या.

पाजायची ब्रा कशी केली ते सांगते. तार नाही, कप नाही, छातीच्या मधून आडवी-उभी एकही शिवण नाही, सगळ्या शिवणी कडेला. खांद्याच्या पट्ट्या दोन बोटं रुंद. पुढं हुकांऐवजी चार बंद, म्हणजे भरलं की ढिले, रिकामं झालं की आवळा. दोन्ही बाजूंना वरून सुटणाऱ्या झडपा. आणि पंपासाठी वेगळी एक, तिला झडपांऐवजी दोन मोठी गोल काजं, कडेनं गच्च टाचलेली. त्यातून पंपाचं नरसाळं घातलं की ते आपोआप जागेवर राहतं आणि हात मोकळे. हातांनी गार्गीला धरता येतं, चहा पिता येतो. टाके वाकडे, बंद लांबीला कमीजास्त, आजवर माझ्या हातून एवढं वाईट काही शिवलं गेलं नव्हतं. घातल्यावर पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

बाकी जे शिकले ते असं. गरोदरपणातच ढीगभर ब्रा घेऊन ठेवू नका, दूध सुरू होऊन दोन-तीन आठवडे जाऊ द्या. माप घ्याल तेव्हा भरलेलं असताना घ्या. पट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत, आणि काढल्यावर वळ दिसला तर ती कितीही महाग असो, टाकून द्या. ओली पट्टी अंगावर वाळू देऊ नका. पंपाचं नरसाळंही मापाचं लागतं, कपड्यासारखंच, दुखत असेल तर ते लहान किंवा मोठं आहे. आणि मशीन बाळाच्या पोटापुरतं चालवा. वर घालायला पुढं चेन असलेला गाऊन किंवा दोन्ही बाजूंना आतून फट ठेवलेला सुती कुर्ता. पैठणी नेसायची असेल तर खुशाल नेसा, हूक पुढं घ्या.

उजवी बाजू

जखम भरत आली. सव्वा महिना झाला तशी मी सासरी आले. पंपानं उजवीकडचं दूध रोज निघत होतं, कमी का होईना. पण गार्गी त्या बाजूला घेतलं की मान फिरवायची. औषधाचा वास, का तिकडचं कातडं कडक झालं म्हणून, कोण जाणे. मी अंघोळ करून बघितलं, झोपेत लावून बघितलं, उभ्यानं फिरत बघितलं. ती एवढी रडायची की मीही रडायचे. आत्याबाई दारातून म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे, डावीकडं हाय की." पण त्यांचा चेहरा काही तसं म्हणत नव्हता. मी ठरवलं, दोन महिन्यांपर्यंत प्रयत्न करायचा, मग सोडून द्यायचं. ठरवलं आणि तेही सहन होईना.

दुकान आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच आहे. दुपारी दोन तास उघडायला लागले होते. एक दिवस एक जुनं गिऱ्हाईक आलं, आठवा महिना, बरोबर तिची सासू. बारशाचा ब्लाऊज शिवायचा होता. सासूनं पिशवीतून साडी काढली आणि म्हणाली, "मागं हूक घाला. आत कप बी घाला. माप वहीत हाय की हिचं."

मी काही बोलणार तोच आत गार्गी रडायला लागली. आत्याबाईंनी तिला आणून माझ्या हातात दिलं. मी ट्रायलच्या पडद्यामागं जाऊन स्टुलावर बसले. डोकं बाहेरच्या बाईला काय सांगावं यातच. "वहीतलं चालणार नाही," मी पडद्याआडून म्हटलं. "बाळ झाल्यावर माप घ्यायचं."

"आनि बारशाला मग?"

"आत्ता भरपूर सैल कापून ठेवते, शिवणार नाही. बाळ झाल्यावर टेप घेऊन मी तुमच्या घरी येते. पाजायच्या आधी एकदा माप घेईन, पाजल्यावर एकदा. हूक पुढं."

"हूक पुढं म्हंजे फिटिंग कसं येणार?"

तिला माझ्या आठ हुकांची गोष्ट सांगायला लागले. सांगता सांगता खाली बघितलं. माझ्या हातानं सवयीनं नाही, चुकून, दुसऱ्याच बाजूची झडप सोडली होती. गार्गीचा हात माझ्या व्रणावर होता आणि ती उजवीकडून पीत होती. डोळे मिटून, घटाघट, एवढ्या दिवसांत काही झालंच नसल्यासारखी.

मी हलले नाही. बोलणं अर्ध्यावर थांबलं तसं बाहेरून सासूचा आवाज आला, "ताई, काय झालं वो? मग पुढं?"

आत्याबाईंनी पडदा बोटभर सरकवून आत बघितलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. पदर तोंडाला लावून त्या तशाच उभ्या राहिल्या, मग पडदा नीट ओढून घेतला आणि माझ्याऐवजी त्यांनीच बाहेर उत्तर दिलं.

"बसा पावणं, येळ लागंल. आमची पोरगी जेवाय बसलीया."